डोंगरमाथ्यावरची झाडं : बाग मंडळाची छायाचित्र स्पर्धा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं बाग मंडळ परतवाड्याच्या बाजूच्या एका गावातलं. सभासद बहुतेक संत्रेवाले, काही शिक्षक, काही घरच्या अंगणात कुंड्या सांभाळणाऱ्या बाया. स्पर्धा जाहीर झाली की बाजारात, वावरात, एसटीत जिथं भेट होईल तिथं लोक प्रश्न विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. नियम यातच आले, वेगळं नियमपत्रक नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग विदर्भातल्या मंडळाची ही स्पर्धा अल्पाइन झाडांची कशी?

अल्पाइन म्हणजे वृक्षरेषेच्या वरचं. डोंगर चढत गेलं की एका उंचीनंतर मोठी झाडं थांबतात आणि त्यावर फक्त गवत, बुटकी झुडपं आणि जमिनीला चिकटून राहणारी फुलझाडं उरतात. आल्प्स पर्वतावरून हे नाव पडलं. पश्चिम हिमालयात ही रेषा साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या आसपास येते. विदर्भातलं सर्वांत उंच ठिकाण, चिखलदऱ्याजवळचं वैराट, ११७८ मीटरवर आहे. अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, ती १६४६ मीटर. तेव्हा शब्दशः अल्पाइन झाड आपल्या राज्यात एकही नाही, हे आधीच कबूल करतो.

पण आपल्या तालुक्यातून दरवर्षी कितीतरी माणसं केदारनाथला, हेमकुंडला, अमरनाथला जाऊन येतात. परत आल्यावर फोन दाखवतात. त्यात देऊळ असतं, बर्फ असतो, नातेवाईक असतात. पायवाटेच्या कडेला, दगडाच्या आडोशाला फुललेलं बोटभर झाड मात्र कोणाच्याच फोनमध्ये नसतं. आयुष्यात एकदा तिथवर जायचं आणि ते बघायचंच राहून जायचं, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटली. स्पर्धा तिथून सुरू झाली. चिखलदऱ्याचा विभाग नंतर आला, आणि आता सगळ्यांत जास्त फोटो त्याच विभागात येतात.

विभाग किती आहेत?

तीन. पहिला हिमालयाचा : वृक्षरेषेच्या वर, तिथल्या मातीत आपोआप उगवलेलं झाड. दुसरा आपल्या सातपुड्याच्या माथ्यांचा : चिखलदरा, गाविलगड, नरनाळा आणि आजूबाजूची पठारं. तिसरा विभाग दगडाच्या फटीतल्या झाडाचा. त्यासाठी कुठंही जावं लागत नाही. विहिरीची भिंत, जुनी गढी, देवळाचा चौथरा, काहीही चालेल.

आमच्या घरी ब्रह्मकमळ फुलतं. पहिल्या विभागात पाठवू का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो. आपण घरी कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ज्याला आपण पान म्हणतो आणि मातीत खोचून नवीन झाड करतो, ते त्याचं चपटं खोड असतं. रात्री उमलतं, पहाटेपर्यंत मान टाकतं. शेजारीपाजारी बोलावून, निरांजन लावून त्याची पूजा होते. त्या रात्रीचा आनंद खरा आहे आणि त्याला कोणी कमी लेखत नाही.

हिमालयातलं ब्रह्मकमळ मात्र वेगळं. त्याचं नाव सॉसुरिया ऑबव्हॅलाटा, कूळ सूर्यफुलाचं. उत्तराखंडाचं ते राज्यफूल आहे. साधारण ३,७०० ते ४,६०० मीटरवर, दगडगोट्यांच्या उतारावर, जुलै ते सप्टेंबरमध्ये दिसतं. जे मोठं फिकट पिवळसर-हिरवं फूल म्हणून दिसतं, ती खरं तर कागदासारखी पातळ आवरणं असतात. आत जांभळट रंगाची बारीक फुलं दडलेली असतात. ही आवरणं पाऊस आणि वारा अडवतात, आत थोडी ऊब धरून ठेवतात. थंडीच्या शेतातलं हरितगृहच म्हणा. कोणी आवरणाच्या फटीतून आतली जांभळी फुलं टिपली, तर तो फोटो आम्ही फार वेळ बघत बसतो.

तेव्हा घरच्या ब्रह्मकमळाला तिन्ही विभागांत जागा नाही. पण प्रदर्शनाच्या दिवशी दारात एक फळा लावतो, त्यावर ही दोन्ही फुलं शेजारी शेजारी असतात. तुमचा घरचा फोटो त्यासाठी आनंदानं घेऊ.

आम्ही मे महिन्यात चार धाम करणार. तेव्हा काय दिसेल?

ब्रह्मकमळ नाही. मे महिन्यात बर्फ नुकताच वितळलेला असतो, तेव्हा प्रिमुला शोधा. वीतभर दांडी, टोकाला जांभळ्या फुलांचा गोल झुबका. ओल्या गवतात, बर्फाच्या कडेलाच दिसेल. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, तुंगनाथ ३,६८० च्या आसपास. चोपत्याहून तुंगनाथला पायी जाणाऱ्यांना वाटेत वृक्षरेषा ओलांडताना डोळ्यांनी दिसते : जंगल विरळ होत जातं आणि मग नुसतं गवत. त्या गवताळ उतारांना तिथले लोक बुग्याल म्हणतात.

वाटेत लाल फुलांनी भरलेला बुरांश दिसेल. तो सुंदर आहे, पण तो वृक्ष आहे आणि वृक्षरेषेच्या खाली वाढतो. पहिल्या विभागात तो धरला जात नाही. त्याच्याच जातकुळीतलं, गुडघ्याएवढं, फिकट फुलांचं झुडूप वरच्या उतारावर भेटलं तर ते चालेल.

ज्यांना फुलांसाठीच जायचंय त्यांनी जुलैअखेर ते ऑगस्ट निवडावा आणि फुलांची घाटी बघावी. १९३१ साली कामेत शिखर चढून परतणारी फ्रँक स्माइथची तुकडी वाट चुकून तिथं उतरली, तेव्हापासून ती बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. घाटीत मुक्काम करता येत नाही. घांघरियाला राहायचं, सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत परत. निळी अफू तिथं दिसते. खडकाच्या आडोशाला, काटेरी देठावर, आभाळासारख्या निळ्या पाकळ्यांची. फोनचा कॅमेरा तो निळा रंग हमखास जांभळट करतो, म्हणून उन्हात एक आणि आपल्या सावलीत एक असे दोन फोटो काढा. सावलीतला रंग बहुधा खऱ्याच्या जवळ जातो.

चिखलदऱ्याची झाडं अल्पाइन नाहीत, तर त्यांना याच स्पर्धेत का घेता?

कारण जगण्याची अडचण सारखी आहे. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा १,१०० च्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशोबानं वर पाच अंशांचा फरक पडतो. तेवढ्यावर कॉफी तगते. पण बर्फाळ प्रदेशातली झाडं काही तेवढ्यावर जगणार नाहीत.

खरं साम्य जमिनीत आहे. तिथला खडक काळा बेसाल्ट. पठारावर कितीतरी ठिकाणी त्याच्यावर मातीचा थर वीतभरही नाही. पावसाळ्यात ती माती चिखल होऊन पाण्याखाली असते, दिवाळीनंतर कोरडी ठणठणीत होते आणि उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. म्हणजे झाडाला जगायला, फुलायला, बी धरायला हातात तीन-साडेतीन महिने. हिमालयात बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत झाडाला जवळपास एवढीच सवड मिळते. म्हणून दोन्हीकडची झाडं एकाच युक्तीनं वागतात : बुटकं राहायचं, पटकन फुलायचं आणि उरलेलं वर्ष जमिनीखाली कंदात, मुळात दडून काढायचं. सफेद मुसळी तशीच, रानहळद तशीच, वेल असली तरी कळलावी तशीच, हबेनारिया नावाच्या जमिनीवरच्या आमऱ्याही (ऑर्किड) तशाच. तिकडे थंडी छळते, इकडे दुष्काळ छळतो.

हे एकदा कळलं की चिखलदऱ्याच्या पॉइंटवर उभं राहून नुसतं दरीकडे बघणं होत नाही. नजर पायाखाली जाते.

लावलेली झाडं चालतील का? कॉफी, विश्रामगृहातली गुलाबाची बाग?

नाही. माणसानं लावलेलं काहीच नाही.

घाणेरी आणि गाजरगवत तर आपोआप उगवतं. ते?

दोन्ही अमेरिका खंडातून आलेली आणि इथल्या झाडांची जागा खाणारी. स्पर्धेत नको. मात्र तेरड्यानं भरलेल्या उतारात घाणेरी कशी घुसत चालली आहे, हे दाखवणारा फोटो असेल तर जरूर पाठवा. तो शाळेच्या मुलांसाठी लावतो.

साधा मोबाइल चालेल का?

चालेल. निम्म्याहून जास्त फोटो मोबाइलचेच असतात. महागड्या कॅमेऱ्याला जास्त गुण नाहीत.

चांगला फोटो काढायचा कसा? थोडं शिकवाल का?

सगळ्यात आधी, खाली बसा. खरं तर पोटावर झोपा. ही झाडं बोटभर उंचीची असतात आणि उभ्यानं काढलेल्या फोटोत ती जमिनीवर पडलेल्या कागदाच्या कपट्यासारखी दिसतात. त्यांच्या उंचीवर गेलं की मागं डोंगर दिसतो, आभाळ दिसतं, आणि तेवढंसं झाड केवढ्या जागेत उभं आहे ते कळतं. खाली बसण्याआधी मात्र बघून घ्या, आपण कोणावर बसतोय.

हात हलू नये म्हणून ज्वारीची किंवा तुरीची एक छोटी पुरचुंडी सोबत ठेवा. दगडावर ती ठेवायची, तिच्यावर फोन टेकवायचा. विकतच्या स्टँडपेक्षा खडबडीत जागेवर ती जास्त चांगली बसते. ऊन कडक असेल तर पांढरा दुपट्टा दोघांनी झाडावर ताणून धरावा, प्रकाश मऊ होतो. खालून अंधार वाटला तर स्टीलचं ताट तिरपं धरून उजेड आत टाकता येतो. वारा असेल तर छत्री आडवी धरा आणि थांबा. दोन झुळुकांच्या मध्ये एक क्षण येतोच. झाडाला पऱ्हाटीची काडी बांधून सरळ करू नका. वाऱ्यानं वाकलेलं झाड वाकलेलंच दिसायला हवं.

फोन अगदी जवळ नेला की फोटो धूसर होतो. थोडं मागं सरून दुप्पट झूम करा. पांढरी आणि फिकट फुलं उन्हात चुन्यासारखी सपाट दिसतात. स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढला की पाकळ्यांच्या शिरा परत येतात. सकाळी आठच्या आतला किंवा ढगाळ दुपारचा प्रकाश उत्तम. चिखलदऱ्याचं धुकं अडचण समजू नका, ते मागची गर्दी पुसून टाकतं.

थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून हिमालयात फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंड एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरलात तर काचेवर वाफ धरते. पाच-दहा मिनिटं थांबा, घाईनं अंगरख्यानं पुसू नका.

फूल तोडून हातात धरून काढलेला फोटो चालतो का?

नाही, आणि यावर चर्चाही नाही. तोडलेलं फूल, उपटलेलं झाड, हलवून चांगल्या जागी ठेवलेली कुंडी, काढून टाकलेलं बाजूचं गवत, यातलं काही दिसलं तर फोटो बाद. मध्ये येणारं गवताचं पातं बोटानं बाजूला धरलं तर हरकत नाही. मागे काळं कापड धरून काढलेला फोटोही आम्ही घेत नाही. तोडलेलं नसलं तरी त्यात झाडाचं घर दिसत नाही.

पाणी शिंपडून दवबिंदू? रंग वाढवणं? एआयनं तयार केलेलं चित्र?

पाणी शिंपडू नका. पठारावर खरं दव आणि खरा पाऊस भरपूर आहे. उजेड कमी-जास्त करणं, कडा कापणं, थोडी सफाई चालेल. फुलाचा रंग बदलणं, आभाळ बदलणं, दोन जागांचे फोटो जोडणं चालणार नाही. एआयनं बनवलेलं किंवा एआयनं भर घातलेलं काहीही बाद. शंका आली तर मूळ फाइल मागवतो, म्हणून ती पुसू नका.

झाडाचं नाव माहीत नाही. तरी पाठवू?

पाठवा. फक्त एका झाडाचे तीन फोटो जवळ ठेवा : पूर्ण झाड, फूल जवळून आणि पान, शक्यतो पानाची खालची बाजूही. स्पर्धेला एकच जातो, बाकीचे दोन ओळख पटवायला. फोनमधलं ॲप जे नाव सांगतं ते अनेकदा दुसऱ्याच देशातल्या झाडाचं असतं, त्यावर विसंबू नका.

कोरकू भाषेतलं नाव कोणाला माहीत असेल तर ते आवर्जून लिहा. मेळघाटातल्या जुन्या माणसांना असंख्य झाडं नावानं आणि गुणानं ठाऊक आहेत, आणि ती नावं कागदावर फार कमी आली आहेत. सांगणाऱ्याला विचारून, त्याची परवानगी असेल तरच त्याचं नावही लिहा.

ठिकाण किती नेमकं लिहायचं?

गाव, साधारण परिसर आणि उंची. एवढंच. फोनमध्ये ठिकाणाची नोंद आपोआप फोटोच्या आत बसते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करून टाका.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. पहिल्या खेपेला एका सुंदर मुसळीच्या फोटोखाली मीच कौतुकानं जागा लिहिली होती. कोणत्या वळणावर, कोणत्या दगडामागं, सगळं. पुढच्या पावसाळ्यात तिथं गेलो तर उतार खणलेला होता. ओल्या मातीत कुदळीचे घाव दिसत होते, झाड एकही नव्हतं. मुसळीच्या कंदाला औषधी म्हणून भाव मिळतो आणि जंगलातली मुसळी त्यापायीच कमी होत गेली आहे. खणणारे कोण ते मला माहीत नाही. पत्ता मात्र माझ्या अक्षरात लिहिलेला होता. तेव्हापासून मुसळी, आमऱ्या आणि कळलावीचं नेमकं ठिकाण आम्ही कोणालाच सांगत नाही, परीक्षकांनाही नाही.

मेळघाटात कुठंही फिरून फोटो काढता येतात का?

नाही. मेळघाट हा देशातल्या सुरुवातीच्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगलात पायी उतरणं, वाट सोडणं, ड्रोन उडवणं, काही करायचं नाही. वन विभागाची परवानगी जिथं लागते तिथं ती घ्यावीच लागेल आणि ती नसलेला फोटो आम्ही घेणार नाही. चिखलदऱ्याच्या आसपासचे नेहमीचे पॉइंट, गाविलगडाची वाट, धामणगाव गढीच्या बाजूनं चढणाऱ्या घाटाची कड, एवढ्यातच एका सकाळी पंधरा-वीस प्रकारची फुलं भेटतात.

अस्वल आणि बिबट्या इथं आहेत. एकटं जाऊ नका. कड्याच्या टोकाशी शेवाळावरून पाय घसरतो आणि नजर कॅमेऱ्यात असली की ते कळत नाही. एकानं फोटो काढावा, दुसऱ्यानं त्याच्याकडे लक्ष ठेवावं. कळलावी विषारी आहे, मुळापासून फुलापर्यंत. लहान मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा.

हिमालयातून रोप किंवा बी आणून इथं लावलं तर?

नका आणू. तिथून उपटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि इथं ते जगत नाही. मी स्वतः एकदा ब्रह्मकमळाचं बी म्हणून एक पाकीट घरपोच मागवलं होतं. फ्रिजमध्ये ठेवलं, वाळू-माती चाळून घातली, मुलासारखं जपलं. जे उगवलं ते धुऱ्यावरचं साधं तण निघालं. खरं बी असतं तरी आपल्याकडे टिकलं नसतं. दिवसाचे ४५ अंश एकवेळ सावलीनं अडवता येतील, पण या झाडांना रात्रीचा गारवा लागतो. मे महिन्यातली आपली रात्र त्यांना विसावा देत नाही.

माझं वय झालं, डोंगर चढवत नाही. मी भाग घेऊ शकते का?

आजी, तिसरा विभाग तुमच्यासाठीच केला आहे. तुमच्या वावरातली दगडी विहीर बघा. पाण्याच्या वर, सावलीच्या बाजूला, सांध्यांत हंसराज उगवलेला असेल. काळी चकचकीत दांडी, हिरवी नाजूक पानं. चिमूटभर मातीत, दगडातून पाझरणाऱ्या ओलीवर तो जगतो. उंच डोंगरावरचं झाड खडकाच्या फटीत जे करतं तेच हे. फोटो काढायला नातवाला सोबत घ्या आणि विहिरीच्या काठावर वाकू नका. फोनला दोरी बांधून, दुरून झूम करून काढा. गेल्या खेपेला प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त थांबले ते एका विहिरीच्या फोटोपाशी.

किती फोटो पाठवायचे, फी किती, पाठवायचे कसे?

दर विभागात दोन. फी नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतो आणि छापता येत नाही. सोबत तुमचं नाव, गाव, महिना, साधारण ठिकाण, उंची आणि दोन-चार ओळी : झाड कुठं उभं होतं, शेजारी काय होतं, हवा कशी होती. नंबर नोंदणीच्या कागदावर आहे. व्हॉट्सॲप नसेल तर पेनड्राइव्ह गावच्या वाचनालयात आणून द्या.

गुण कसे देता?

तीन परीक्षक, नाव झाकून. निम्मे गुण झाडाचं घर दिसण्याला : दगड, उतार, शेजारची झाडं, ऊन-वारा. उरलेल्यांत फोटोची स्पष्टता, प्रकाश आणि तुमच्या त्या दोन-चार ओळी. नुसतं एक फूल मोठं करून दाखवलेला फोटो देखणा असला तरी क्वचितच वर येतो. दरवर्षी यावरून कोणीतरी नाराज होतं. तरी आम्ही हे बदललेलं नाही, कारण फूल कुठलं आणि कोणत्या हालात फुललं हे कळलं नाही तर ते फुलवाल्याच्या टोपलीतलंही असू शकतं.

बक्षीस काय?

जंबेरी खुंटावर डोळा भरलेलं संत्र्याचं कलम, प्रत्येक विभागात तिघांना. पैसे नाहीत. शाळकरी मुलांना एक भिंग.

फोटोवर हक्क कोणाचा?

तुमचाच. आम्ही प्रदर्शनात लावतो, तेही तुमच्या नावानं. इतर कुठं वापरायचा झाला तर आधी विचारतो.

शेवटची तारीख?

कोजागरी पौर्णिमेची रात्र. सोयाबीन काढणीची धांदल त्याच दिवसांत असते हे आम्हाला माहीत आहे, आमचीही वावरं आहेत. म्हणून सप्टेंबरपासूनच पाठवायला सुरुवात करा. तेरडा भाद्रपदात भरात असतो, आणि पाऊस उघडल्यावर पठार आठ-पंधरा दिवसांत पिवळं पडायला लागतं.